अक्का, तुझी हिरवी इरकल

अक्का, तू गेलीस त्याला आज सोळा दिवस झाले. तेरावं उरकलं, पाहुणे गेले, आणि काल विनायकने तुझं कपाट रिकामं करायला काढलं. दोन गाठोडी बांधून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाला, "मामा, आईच्या साड्या त्या दुकानात नेऊन द्या. ती असती तर तिथंच द्या म्हणाली असती." तुझ्या पोराला एवढं आपसूक कळलं. मी तुझा सख्खा भाऊ, मला तू स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतंस आणि तरी मी ऐकलं नाही. त्याबद्दलच हे लिहितो आहे. तुझे गुण सांगणारी भाषणं दहाव्याला पुष्कळ झाली, मी त्यात बोललो नाही.

तर आज मी त्या दुकानाची पायरी पहिल्यांदा चढलो. एवढी वर्षं तुला सोडायला यायचो, पण आत कधी गेलो नाही. बँकेला सुट्टी असलेल्या शनिवारी तू मागे बसायचीस, शुक्रवार पेठेच्या कोपऱ्यावर उतरायचीस, आणि मी समोरच्या कडुनिंबाखाली स्कूटर लावून थांबायचो. हेल्मेट न काढता. बँकेतलं कुणी बघेल ही भीती. तू एकदा घरी सगळ्यांसमोर म्हणालीस, "सोलापुरात हेल्मेट घालणारा एकच मानूस हाय, आमचा दत्ता. तेबी स्कूटर उभी असताना." सगळे हसले. मीही हसलो, पण मला ते लागलं होतं.

दवाखान्यात बाहेरगावाहून आलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांना जेवण देणारी एक संस्था ते दुकान चालवते. लोक वापरलेले कपडे, भांडी, पुस्तकं, खेळणी आणून देतात, ती धुऊन-पुसून स्वस्तात विकायची आणि आलेल्या पैशात स्वयंपाक करायचा. तुला तिथून घ्यायची गरज होती असं नाही. दाजींची नोकरी साधी होती, पण तुझी चूल कधी थंड पडली नाही. तुला त्याचा नाद होता. शिट्टी नसलेला कुकर, पाचच कप असलेला सहा कपांचा सेट, कुणाच्या तरी लग्नात आलेलं आणि खोक्यातून कधीच न निघालेलं घड्याळ. प्रत्येक वस्तूवरून तू त्या घराची गोष्ट सांगायचीस. सहावा कप सासूने फोडला की सुनेने, यावर तू नि शमीमआपा अर्धा तास बोलायचात. शमीमआपा म्हणजे दुकान सांभाळणाऱ्या बाई, हे मला आत्तापर्यंत फक्त तुझ्या बोलण्यातून ठाऊक होतं. धर्मादाय दुकानात घासाघीस करणारी दुसरी बाई मी ऐकलेली नाही. पाच रुपये कमी करून घ्यायचीस आणि जाताना तेच पाच रुपये त्यांच्या दानपेटीत टाकायचीस. "भाव केला न्हाय तर बाजार केल्यागत वाटत न्हाय," असं तुझं म्हणणं.

साड्यांच्या बाबतीत मात्र तू कुणाचं ऐकायची नाहीस, कारण तिथे अण्णांची शिकवण मध्ये यायची. अण्णा गिरणीत मागावर होते. गिरणी बंद पडली, पगार थांबला, पण कापड दिसलं की त्यांची बोटं आपोआप काठाकडे जायची. आपल्या दोघां पोरांना ओट्यावर बसवून ते कापडाच्या टोकाची एक दशी ओढायचे, काडी लावायचे आणि आपल्या नाकाखाली धरायचे. "कागद जळल्याचा वास आला तर सूत. केस जळल्याचा आला तर रेशीम. आन् वितळून गोळी झाली, बोटाला चिकटली, तर समजा फसलात." आपण डोळे मिटून ओळखायचो. या खेळात मी तुझ्यापेक्षा हुशार होतो, अक्का. अण्णा म्हणायचे, दत्ताला कुणी फसवणार न्हाय. हे वाक्य गेले सोळा दिवस माझ्या डोक्यातून जात नाही.

तू पर्समध्ये काडेपेटी ठेवायचीस ती त्यासाठी. साडी आवडली की दशी ओढायची, दुकानाच्या मागच्या बोळात जायचं, जाळून हुंगायचं. शमीमआपा ओरडायच्या, "दुकान जलाते क्या एक दिन, अक्का?" हे तू मला रंगवून सांगायचीस, आणि मी स्कूटर सुरू करायचो.

आपलं भांडण एकच होतं आणि ते कधी संपलं नाही. मी म्हणायचो, लोकांच्या अंगावरून उतरलेले कपडे कशाला घालायचे. तू म्हणायचीस, तुझ्या भाड्याच्या घरात आधी कोण राहत होतं ते विचारलंस का, तेबी उतरलेलंच की. मी म्हणायचो, ते वेगळं. तू म्हणायचीस, कसं ते सांग. मला सांगता यायचं नाही, मग मी चिडायचो. लोक काय म्हणतील, हे खरं कारण होतं. तेवढं सोडून बाकी सगळी कारणं मी तुला दिली.

एकदा थंडीत तू मोठ्या हौसेनं दाजींसाठी काळा लोकरीचा स्वेटर काढून ठेवला होतास. तेवढ्यात मैंदर्गी गावची एक म्हातारी आली, नवरा दवाखान्यात, अंगावर नुसता पदर. तू स्वेटर तिच्या अंगावर घातलास, बाह्या दुमडून दिल्यास आणि हात हलवत बाहेर आलीस. मी विचारलं, "आज काहीच नाही?" तू म्हणालीस, "घेतलं हुतं, दिलं." वाटेत सगळं सांगितलंस, आणि घरी जाईपर्यंत तू अगदी खुशीत होतीस. मी तेव्हा म्हणालो होतो, एवढा वेळ मला बाहेर ताटकळत ठेवलंस ते यासाठी. तुझ्याबद्दल चांगलं काही म्हणायचं तर ते त्याच दिवशी म्हणायला हवं होतं.

आता साखरपुड्याचं लिहितो. लिहायचं टाळत होतो.

माझ्या मेघाचा साखरपुडा, चार वर्षांपूर्वी. मुलाकडचे अक्कलकोटचे, घरंदाज माणसं, घरात कानडी बोलणारी. हॉल घेतला होता, मी सकाळपासून टाय लावून फिरत होतो. आणि तू आलीस गर्द हिरवी इरकल नेसून. गोमी नक्षीचा काठ, लाल पदर. पदरावर एका जागी तांबड्या धाग्याने रफू केलेला, हरभऱ्याच्या दाण्याएवढा. तू आल्या आल्या मला तो रफूच दाखवलास. "बघ रे, कुनीतरी किती मायेनं केलाय." खरं सांगतो, तू सुंदर दिसत होतीस. तुझ्या लग्नात दिसली नव्हतीस एवढी. मी म्हणालो, "कुठून घेतलीस?" तू म्हणालीस, "तुला ठावं हाय की."

थोड्या वेळाने मी पाहिलं तर मुलाची आई, म्हणजे होणाऱ्या विहीणबाई, तुझा पदर हातात धरून उभ्या होत्या. रफूवरून अंगठा फिरवत होत्या. त्यांच्या डोळ्यांत काय होतं ते बघायला मी थांबलो नाही. मला कळलं ते एवढंच, की ही साडी त्यांच्या ओळखीची आहे, आणि आता चारचौघांत माझी शोभा होणार. मी तुझा हात धरला आणि तुला आतल्या खोलीत घेऊन गेलो.

तिथे मी जे बोललो ते तू कुणाला सांगितलं नाहीस. माझ्या बायकोला, सुनंदालाही नाही. मीच आज लिहून ठेवतो. मी म्हणालो, "कुणा मेलेल्या बाईची साडी नेसून माझ्या पोरीच्या साखरपुड्याला आलीस?"

तू शांतपणे म्हणालीस, "बाई मेली आसंल. साडी न्हाय की मेली. लई चांगलं रेशीम हाय, दत्ता."

"कसलं रेशीम. प्लॅस्टिक आहे."

तू पर्स उघडलीस आणि काडेपेटी माझ्यापुढे धरलीस. "दशी जाळून बघ की. तूच बघ. तू तर माझ्यापरीस हुशार."

मी काडेपेटी घेतली नाही. "आधी बदल," एवढंच म्हणालो आणि सुनंदाची नवी साडी खुर्चीवर टाकून बाहेर आलो. तू बदललीस. सुनंदाचा ब्लाउज तुला घट्ट होत होता, म्हणून वर तुझाच हिरवा ब्लाउज राहिला आणि खाली गुलाबी साडी. तशीच तू पंगतीत बसलीस, मेघाला ओवाळलंस, दोन वेळा जिलबी मागून घेतलीस. फोटोच्या वेळी सापडली नाहीस. अल्बममध्ये आत्या कुठे, असं मेघाने विचारलं तेव्हा मी म्हणालो, तिला फोटो आवडत नाहीत.

त्यानंतर तू मला शनिवारी सोडायला सांगितलं नाहीस. गुडघे दुखत असताना चालत जात राहिलीस. बोलणं मात्र बंद केलं नाहीस, आणि हाच मला जास्त त्रास होता. भांडली असतीस तर मीही चार शब्द बोललो असतो आणि मोकळा झालो असतो. भाऊबिजेला मी मोठ्या दुकानातली साडी ओवाळणीत घालायचो, तू घडी न मोडता म्हणायचीस, "छान हाय." मग ताट खाली ठेवता ठेवता दर वर्षी तेच. "मी गेले की माहेरचं वस्त्र आनायला बाजारात पळू नको. आपाकडं ठिवलंय मी, तितनं आन." मी म्हणायचो, सणासुदीला असलं बोलू नये. मला वाटायचं, तू मला साखरपुड्यावरून टोचते आहेस. आता वाटतं, तसं नसावं. तुला बहुधा फक्त ती साडी हवी होती.

त्या दिवशी सकाळी विनायकचा फोन आला. चहा गॅसवर ठेवला आणि तशीच खाली बसलीस म्हणे, भिंतीला टेकून. मी येईपर्यंत तुला अंगणात घेतलं होतं. दाजी पायाशी बसून तुझ्या पैंजणांकडे बघत होते. सवाष्ण गेली, हिरवं वस्त्र पाहिजे, ते माहेरचं पाहिजे, भाऊ कुठे आहे, असं बायका म्हणू लागल्या. मी रिक्षा केली.

अक्का, मी विसरलो नव्हतो. विसरलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती. रिक्षा शुक्रवार पेठेतूनच गेली. दुकान उघडलेलं होतं. एक बाई पायरी झाडत होती, पांढऱ्या केसांची, डोक्यावर ओढणी. या शमीमआपाच असणार, असं माझ्या मनात आलं. रिक्षावाल्याने वेग कमी केला, पुढे हातगाडी आडवी आली होती. उतरायला एवढा वेळ पुरला असता. माझ्या डोळ्यांपुढे अंगण आलं. बँकेतली माणसं, मेघाच्या सासरची माणसं, आणि मी वर्तमानपत्रात गुंडाळलेली जुनी साडी घेऊन येतोय. मी म्हणालो, "सरळ घ्या."

मोठ्या दुकानात मी सगळ्यांत भारी हिरवी साडी मागितली. विक्रेत्याने काउंटरवर पसरली. "प्युअर सिल्क, साहेब." मी काठाला हात लावला नाही. घाईत होतो, असं मी स्वतःला सांगतो. पण तसं नाही, मला किंमत ऐकून समाधान झालं होतं. अंगणात पिशवी काढली तेव्हा एक बाई दुसरीला म्हणालीसुद्धा, "भावानं केलं हो बहिणीचं." ते ऐकून मला बरं वाटलं. तू समोर तशी पडलेली, आणि मला बरं वाटलं.

स्मशानात विनायकने अग्नी दिला. लाकडांच्या फटीतून पदराचा काठ बाहेर आला होता, मी पायाच्या बाजूला उभा होतो. ज्वाळा त्याच्यापर्यंत पोचली आणि काठ आक्रसला. जळला नाही, आक्रसला. मग त्याला काळे थेंब सुटले आणि ते लाकडावर टपकून तिथेच घट्ट झाले. बाकी कुणाला त्यात काही दिसलं नसेल. धूर होता, लोक मागे सरकत होते. मला दिसलं. अण्णांच्या ओट्यावर बसलेल्या पोराला ते न दिसून कसं चालेल. समजा फसलात. मी रडलो ते बघून लोकांनी मला बाजूला नेलं, पाणी दिलं. बहिणीवर फार जीव होता, असं कुणीतरी म्हणालं. कोरडी माती मुठीत धरून मी बसून राहिलो.

तेराव्याला विहीणबाई आल्या. जेवणं झाल्यावर माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, "एक बोलायचं होतं. ती इरकल आमच्या अव्वाची, माझ्या आईची. अव्वा गेल्यावर वहिनीनं मला न विचारता सगळ्या साड्या त्या दुकानात दिल्या. मी लई शोधली. तो रफू माझा आहे, शाळेत असताना केलेला. साखरपुड्यात अक्कांच्या अंगावर बघितली, आणि मला वाटलं अव्वाच नातसून बघायला आली. मी त्यांना म्हणणार होते, थोडा वेळ पदर हातात राहू द्या. तोवर तुम्ही त्यांना आत नेलंत."

मी विचारलं, "तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत?"

"तुमचं तोंड बघितलं. मग म्हटलं, घरचं काही असेल."

चार वर्षं, अक्का. चार दिवाळ्या त्या माझ्या घरी जेवल्या. एक वाक्य बोलल्या असत्या तर मी तुझ्याकडे आलो असतो. असं मी त्यांच्यावर चिडून सुनंदाला म्हणालो. सुनंदा म्हणाली, "आला असतात?" आणि ताटं उचलायला लागली. तिच्याशीही मी दोन दिवस बोललो नाही. तुझ्यावरही चिडलो. तुला कळलं नसेल का, ती बाई कशी पदर धरून उभी आहे ते? कळलं असणारच. मग मला का नाही सांगितलंस? मला शिकवायचं सोडून दिलं होतंस, तेवढंही लायक समजली नाहीस. आज सगळे दोष मीच घेतो आहे तर एवढा एक तुझ्याकडे राहू दे.

आज दुकानात गाठोडी ठेवली तेव्हा शमीमआपांनी माझ्याकडे आणि हातातल्या हेल्मेटकडे नीट बघितलं. "हेल्मेटवाले भाई ना?" मी मान हलवली. त्या आत गेल्या आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला पुडा घेऊन आल्या. सुतळी बांधलेली, कागद पिवळा पडलेला. साखरपुड्याच्या दुसऱ्याच दिवशी तू तो आणून ठेवला होतास. "अक्का बोलके गये, भाई आयेगा. नई आया तो ऐसी बाई को देना जो नेसेगी, पेटी में नई रखेगी." त्यांनी पुडा माझ्या हातात दिला आणि मग त्यांच्या लक्षात आलं, मी गाठोडी का आणली ते. त्यांनी ओढणी तोंडाला लावली. आदल्या शनिवारी तू येऊन गेली होतीस, पुढच्या शनिवारी आली नाहीस, एवढंच त्यांना ठाऊक होतं. कुणी कळवलं नव्हतं. कळवायचं कुणी, हे मला विचारू नकोस.

बैल गेला नि झोपा केला, तसं मी सुतळी सोडली. हिरवा रंग तसाच आहे. रफू तसाच. घडीत काडेपेटी होती, तुझ्या पर्समधली.

मी पदराच्या टोकाची एक दशी ओढली आणि मागच्या बोळात गेलो. बोळाचं दार आपांनीच उघडून दिलं. काडी पेटायला वेळ लागला, गूल सर्द झालं होतं. तिसरी पेटली. दशी जळली, वास आला. केस जळल्याचा. हाच वास स्मशानातही होता, अक्का, आणि तिथे तो साडीचा नव्हता. दशीची राख बोटांत धरली तर तिचा भुगा झाला, काही चिकटलं नाही. चांगलं रेशीम होतं. तू बरोबर होतीस.

साडी मी घरी आणली नाही. विहीणबाईंना द्यावी असं एकदा वाटलं, पण त्या ती पेटीत ठेवतील, आणि तू काय सांगितलं होतंस ते या वेळी तरी पाळावं. आपांना म्हणालो, पुढे टांगा, दारातून दिसेल अशी. काडेपेटी तेवढी घेतली. बाहेर आलो तर हेल्मेट आतच राहिलं होतं, ते आणायला पुन्हा गेलो नाही.

आता भाऊबीज येईल. भाऊ जवळ नसेल तर बायका चंद्राला ओवाळतात. बहीण नसलेल्या भावाने कुठे बसायचं, हे आपल्याकडे कुणी सांगून ठेवलेलं नाही. तुला विचारलं असतं तर तू काहीतरी सांगितलं असतंस. आणि मी ते ऐकलं नसतं.